ओढतो किती, पेलतो किती?

परवा डेन्व्हरच्या मित्राचा फोन. "१४,००० पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर घेतोय. डीलर म्हणतो, हा डिझेल थ्री-क्वार्टर टन ट्रक २०,००० ओढेल. चालेल ना?"

म्हटलं, आधी ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरच्या स्टिकरवरचा पेलोड वाच. निघाला २,३४० पौंड!

आता गणित करा. फिफ्थ व्हीलचं साधारण २० ते २५ टक्के वजन थेट ट्रकच्या पाठीवर येतं. म्हणजे इथे २,८०० ते ३,५०० पौंड. वर हिच, बायको-मुलं, सामान वेगळंच. गंमत म्हणजे डिझेल इंजिन ओढायची ताकद वाढवतं, पण स्वतः जड असल्यामुळे पेलोड खातं. आपण नाही का, सीपीयू बघून सर्व्हर घेतो आणि तो झोपतो डिस्कपाशी? तसंच हे.

माझं स्पष्ट मत: एवढ्या ट्रेलरला वन-टन ट्रकच हवा, तोही मागे चार चाकांचा, ड्युअली. पार्किंगला त्रास होतो, मान्य. नको असेल तर ट्रेलर लहान घ्या.

मित्र म्हणाला, "अरे, थोडं जास्त झालं तर काय होतंय?" सपाट रस्त्यावर कदाचित काहीच नाही. पण ११,००० फुटांवरच्या आयझेनहावर बोगद्यातून बाहेर पडलं की आय-७० वर सहा-सात टक्क्यांचा उतार लागतो. तिथे प्रश्न ओढण्याचा नसतोच, थांबवण्याचा असतो. आणि मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतात.

असो. सही करण्याआधी दार उघडून बघा, एवढंच.