जुन्या आज्ञावलींना दिलेला शब्द

कळवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या प्रवाशांनी एक मोठे स्थित्यंतर जवळजवळ नकळत अनुभवले आहे. १९२५ पासून मुंबईची विजेवरील लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावत होती. मध्य रेल्वेवर ती २५ हजार व्होल्ट एसीवर नेण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर ते पूर्णत्वास गेले. तारेतील वीज एका रात्रीत बदलता येते. तिच्याखालून धावणारी प्रत्येक गाडी मात्र एका रात्रीत बदलता येत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आधी आणाव्या लागल्या.

संगणकाच्या क्षेत्रात सध्या असेच एक स्थित्यंतर सुरू आहे. लिनक्ससारख्या प्रणालीत फाइल उघडणे, वेळ सांगणे अशी मूलभूत कामे प्रत्येक आज्ञावली स्वतः करीत नाही. ती कामे सामायिक लायब्ररीकडे सोपवलेली असतात. आज्ञावली तयार होताना या लायब्ररीतील माहितीची मांडणी, म्हणजे कोणता आकडा कितव्या जागी आणि किती बाइटचा, हे तिच्यात कायमचे कोरले जाते. या अलिखित कराराला ‘बायनरी इंटरफेस’ म्हणतात. लायब्ररीने मांडणी बदलली, तर जुनी आज्ञावली जुन्याच जागी पाहते आणि भलताच आकडा उचलते. अनेकदा संगणक तक्रारही करीत नाही. उत्तर तेवढे चुकते.

लिनक्सवरील बहुतेक आज्ञावलींचा पाया असलेल्या ‘ग्नू सी लायब्ररी’ने यावर एक तोडगा काढला. एखाद्या सुविधेचे वर्तन बदलायचे झाल्यास जुनी आवृत्ती काढून टाकायची नाही. नवी तिच्या शेजारी ठेवायची. जुन्या आज्ञावलीला जुनी मिळते, नव्याने बांधलेलीला नवी.

हा नियम पाळणे किती कठीण आहे, हे २०१० मध्ये दिसले. माहितीची नक्कल करणारी ‘मेमसीपीवाय’ ही सुविधा अधिक वेगवान करण्यात आली आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. नियमाप्रमाणे चूक फ्लॅशची होती. एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी ही सुविधा वापरू नये, असे प्रमाणित नियमांतच नमूद आहे. पण वापरकर्त्याच्या दृष्टीने काल चालणारी वस्तू आज बंद पडली होती. अखेर २०११ च्या आवृत्तीत नवे वर्तन नव्या क्रमांकाखाली देऊन जुन्या आज्ञावलींना संरक्षण देण्यात आले. नियम आपल्या बाजूने असणे पुरेसे नसते, हाच त्यातला धडा.

आताचा प्रश्न त्याहून व्यापक आहे. ३२ बिटांच्या जुन्या व्यवस्थेत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजले जातात आणि ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी पावणेनऊच्या सुमारास, संपते. उपाय म्हणजे वेळेसाठी ६४ बिटांची जागा. परंतु जागा वाढली की मांडणी बदलते आणि करार मोडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने हे पाऊल उचलले. त्यासाठी शेकडो लायब्रऱ्यांची पॅकेजे नव्या नावाने बांधावी लागली. जुन्या ३२ बिटी इंटेल संगणकांसाठी मात्र हा बदल जाणूनबुजून टाळण्यात आला. कारण तेथे जुन्या तयार आज्ञावली चालत राहणे हाच मुख्य हेतू आहे.

याचा आपल्याशी संबंध काय? सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. शिवाय मूळ सोर्स कोड हाती असेल, तर आज्ञावली नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधता येते. तो पुरवठादाराकडेच राहिला आणि पुरवठादार दिसेनासा झाला, तर हाती उरते ती केवळ जुन्या करारात अडकलेली बायनरी.

म्हणूनच सार्वजनिक संस्थांनी संगणकप्रणाली विकत घेताना सोर्स कोडचा ताबा आणि पुनर्बांधणीची जबाबदारी करारात लिहून घेतली पाहिजे, देखभालीसाठी वेगळी तरतूदही केली पाहिजे. दोन्ही विजांवर चालणारी गाडी तार बदलण्याआधी तयार असावी लागते. २०३८ ची तारीख तर आधीच जाहीर झालेली आहे.