मी, ला, रे, सोल

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक नवे वाद्य आले. बेस गिटार. वयाची बासष्ट वर्षे उलटल्यावर माणसाने नवे वाद्य हाती धरावे काय, असा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आम्हांस केला. आणि खरे सांगावयाचे तर तो आम्ही स्वतःलाही अनेकदा केला होता. तेव्हा त्याची हकीकत या सदराच्या वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

चाळीसांहून अधिक वर्षे आम्ही खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या गायकवृंदात व्हायोलिन वाजवीत आलो. आमचे गुरुजी गोव्याहून आलेले. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकविण्याची जी जुनी रीत, तिच्यात ते वाढलेले होते. आधी स्वरांची नावे गळ्यातून म्हणवून घेत, मगच गज हाती देत. त्या शिकवणीवर आमचा जन्म निभावेल असे आम्ही धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी सराव संपल्यावर वृंदातील एक मुलगी संकोचत जवळ आली आणि म्हणाली, "अंकल, रागावू नका, पण तुमचे व्हायोलिन हल्ली फार जोरात लागते. आम्हांला आमचाच आवाज ऐकू येत नाही." आम्ही रागावलोच. पुढच्या दोन सरावांना गेलोही नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या कुटुंबाने शांतपणे विचारले, "तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर रोज पहाटे वाजतो, तो तुम्हांला ऐकू येतो का?" आम्हांस वाटत होते, तो गजर कधीच बिघडला आहे.

बेळगावास जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टरांनी जो आलेख काढून दिला, त्यातली रेघ डावीकडे सपाट जाऊन उजवीकडे घाटावरून कोकणात उतरावी तशी उतरली होती. खालचे आणि मधले स्वर शाबूत. सेकंदास सुमारे ४,००० कंपने आणि त्यापुढचे स्वर मात्र मावळू लागलेले. वाढत्या वयात बहुधा असेच होते, वरचे स्वर आधी जातात. डावा कान उजव्याहून अधिक गेलेला पाहून त्यांनी विचारले, "व्हायोलिन कोणत्या बाजूस धरता?" उत्तर त्यांना ठाऊकच असावे.

मग सारा उलगडा झाला. व्हायोलिनच्या मोकळ्या 'मी' तारेची कंपने सेकंदास सुमारे ६५९, ती आम्हांस अजून नीट ऐकू येतात. परंतु त्या स्वरास जी झळाळी असते, ती त्याच्यावर चढत गेलेल्या उपस्वरांची. ते उपस्वर आमच्या कानांपर्यंत पोचत नव्हते. वाद्य मंद झाले असे समजून आम्ही गजावर भार वाढवीत होतो, आणि त्याची शिक्षा ती बिचारी मुले भोगीत होती.

व्हायोलिन पेटीत बंद झाले. ते दिवस कसे गेले त्याचे वर्णन करीत नाही.

बेस गिटार वाजविणारा आमचा तरुण नोकरीसाठी पुण्यास गेला आणि आपले वाद्य बरोबर घेऊन गेला. जागा रिकामी पडली. बेसच्या मोकळ्या चार तारांत सर्वांत खालची 'मी' सेकंदास ४१ कंपनांची, म्हणजे व्हायोलिनच्या 'मी'च्या बरोबर चार सप्तके खाली. तर सर्वांत वरची 'सोल' ९८ची. आलेखाची जी बाजू सपाट होती, तीच ही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुकान गाठले.

दुकानात हौशी लोकांसाठी रंगीत वाद्यांची रांग लागलेली होती. आम्ही एक साधी तपकिरी निवडली. खांद्यावर पट्टा घातला तेव्हा सुमारे चार किलोंचे ओझे डाव्या खांद्यावर आले. हनुवटीखाली पाखरासारखे धरलेले वाद्य कोठे आणि हे नांगरासारखे कोठे! व्हायोलिनची तार घोडीपासून वरच्या टोकापर्यंत जेमतेम ३३ सेंटिमीटर. येथे ती ८६ सेंटिमीटर, आणि सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरांहूनही जाड. दांडीच्या पहिल्या चार पडद्यांवर चार बोटे ठेवावयाची तर पंजा सुमारे १३ सेंटिमीटर ताणावा लागतो. सांध्यांनी पहिल्याच रात्री तक्रार नोंदविली. मग उभा मोठा बेस वाजविणाऱ्यांची युक्ती आम्ही उचलली : खालच्या जागी अनामिका आणि करंगळी मिळून एकच बोट समजावयाचे. तेव्हापासून हात बरा आहे.

खरी गंमत तारांच्या क्रमात. व्हायोलिनच्या तारा खालून वर सोल, रे, ला, मी. बेसच्या तारा खालून वर मी, ला, रे, सोल. तीच चार नावे, पण उलटी! एकीकडे तारांत पाच स्वरांचे अंतर, दुसरीकडे चारांचे. चाळीस वर्षांची सवय झालेला हात वर जावयाचे तेथे खाली जाई. सोलच्या किल्लीत वाचणारे डोळे फाच्या किल्लीत अडखळत. पहिला महिना आम्ही आमच्याच जुन्या पाठांतराशी भांडण्यात घालविला.

पडद्यांनी मात्र आम्हांस लाजविले. व्हायोलिनवर स्वराची जागा कानाने शोधावी लागते. येथे ती धातूच्या पट्टीने आखून दिलेली. बोट पट्टीवर नव्हे, तिच्या लगत मागे ठेवले की स्वर स्वच्छ. अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ साली जी बेस गिटार विक्रीस काढली, तिचे नाव 'प्रिसिजन', म्हणजे 'अचूक', याच पडद्यांवरून पडले. तत्पूर्वी १९३० नंतरच्या दशकात सिअॅटल येथील पॉल टटमार्क याने असे वाद्य घडविले होते, पण ते फारसे चालले नाही. पुरुषभर उंचीचा बेस गावोगाव वाहून नेणाऱ्या आणि तरीही वृंदात ऐकू न येणाऱ्या वादकांची फेंडरने सोय केली. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती हे ऐकून आम्हांस धीर आला.

उजव्या हाताचे शिक्षण वेगळे. गजाने स्वर हवा तितका लांबविता येतो. येथे तर्जनी व मध्यमा आळीपाळीने तार खेचतात, स्वर उमटतो आणि विरू लागतो. विरत असताना तो कोठे थांबवावयाचा हे ठरविणे हेच निम्मे वादन. न थांबविलेली जाड तार पुढच्या स्वरात चिखल कालविते. आम्ही चपट्या वेष्टनाच्या तारा बसवून घेतल्या आहेत. त्यांवर बोट घासल्याचा चीत्कार होत नाही आणि नाद गोल निघतो.

एक इशारा मात्र इतर गावांच्या वृंदांस द्यावासा वाटतो. प्रवचनासाठी टांगलेल्या भोंग्यातून हे वाद्य वाजवू नये. ४१ कंपनांची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते. ती उठविण्यास मोठा पडदा असलेली पेटी लागते, नाहीतर केवळ खडखड ऐकू येते. आम्ही पेटी आधी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली, तेव्हा सारे चर्च घुमू लागले. दोन हात पुढे ओढली, तेव्हा ठीक झाले. पेटीचा आवाज बेताचाच ठेवतो. उरलेले कान आम्हांस जपावयाचे आहेत.

गावच्या सणास आम्ही पहिल्यांदा ती वाजविली. प्रवेशगीतात मोकळी 'ला' खेचली तेव्हा स्वर कानांच्या आधी छातीच्या हाडास लागला, पायाखालच्या फळीस लागला. तसा स्वर आम्हांस कधी लाभला नव्हता. व्हायोलिन नेहमी सर्वांच्या पुढे धावे. आता आम्ही मागे उभे असतो आणि गाणारे आमच्यावर पाय टेकून चालतात. दुसऱ्या कडव्यात आम्ही एक स्वर चुकलो. वरच्या वाद्यातली चूक लोक ऐकतात. बेसमधली चूक झाली तेव्हा सारा वृंदच क्षणभर डळमळला आणि कोणालाच कारण उमगले नाही. आम्ही गप्प राहिलो.

ज्या मुलीने आम्हांस ते कटु वचन ऐकविले, तिच्याच हाती व्हायोलिन दिले आहे. शनिवारी ती आमच्या ओसरीवर शिकावयास येते. सोल, रे आणि ला या तारांवर तिचे काय चुकते ते आम्ही सांगतो. 'मी' तारेवर ती वर चढू लागली, की आम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहतो. आमचे कुटुंब तांदूळ निवडता निवडता मान हलविते, बरे किंवा वाईट.