तपासलेला पेपर परत द्या

"आबा, हे बघा, बांधलेलं रॉकेट पळालं!" असं म्हणत परवा नातवाने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी आधी म्हटलं, काहीतरी बनवाबनवी असेल. पण चित्रफीत खरी निघाली. ३० जून २०२४ ची, चीनच्या हनान प्रांतातल्या गोंग्यी शहराजवळची. एका खासगी कंपनीचं 'तिआनलाँग-३' नावाचं रॉकेट. त्याच्या पहिल्या टप्प्याला चबुतऱ्याला घट्ट जखडून नुसतीच इंजिनं पेटवून बघायची होती. पण दावं तोडून बैल उधळावा तसं ते सुटलं, वर गेलं, आणि थोड्या वेळाने जवळच्या डोंगरात कोसळून भडकलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. नातू खदाखदा हसत होता. मला मात्र आमच्या कासार आंबोलीभोवतीचे डोंगर दिसत होते, आणि त्यांच्या पायथ्याची घरं.

मी काही शास्त्राचा मास्तर नव्हे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण 'चाचणी' हा शब्द मात्र आमच्या घरचा. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक... किती गठ्ठे तपासले त्याची गणती नाही. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मी घेतो आहे.

रॉकेटची जमिनीवरची चाचणी म्हणजे इंजिन जागच्या जागी बांधून पेटवायचं आणि ते किती जोराने रेटतंय, किती तापतंय, थरथरतंय का, हे मोजायचं. त्यातही घन इंधनाची मोटर म्हणजे दिवाळीचा भुईनळा. एकदा बत्ती दिली की मध्येच विझवता येत नाही, संपेपर्यंत जळू द्यावी लागते. अशी एक चाचणी आपल्या नागपुरात झाली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? हैदराबादच्या स्कायरूट या खासगी कंपनीने १९ मे २०२२ रोजी तिथे आपली 'कलाम-१००' ही मोटर १०८ सेकंद पेटवली. त्याआधी २०२१ च्या नोव्हेंबरात याच कंपनीच्या 'धवन-१' या क्रायोजेनिक इंजिनाची चाचणीही नागपुरातच झाली होती. १८ नोव्हेंबर २०२२ ला त्यांचं 'विक्रम-एस' श्रीहरिकोट्याहून उडालं. भारतीय खासगी कंपनीचं ते पहिलं रॉकेट. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू!

पण नावं बघा. विक्रम, कलाम, धवन. इतिहासाच्या मास्तरला नावं दिसली की तारखा आठवतात. १० ऑगस्ट १९७९. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण. प्रकल्पाचे प्रमुख कलाम. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. त्या दिवशी पत्रकारांसमोर स्वतः सतीश धवन बसले आणि अपयश त्यांनी आपल्या शिरावर घेतलं. १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केलं. कलामसाहेबांनी ही गोष्ट पुढे जन्मभर सांगितली. इंजिनाला ही नावं द्यायची तर ती पत्रकार परिषदही नावाबरोबर येते, असं माझं म्हणणं.

वर्गात मी एक नियम पाळला. तपासलेला पेपर मुलाच्या हातात परत द्यायचाच. नुसते 'नापास' म्हणून गुण सांगितले तर पोरगं रडतं, शिकत नाही. लाल शाईची खूण कुठे आहे ते त्याला दिसलं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर शेजारच्या बाकावरचंही त्यातून शिकतं!

इस्रोचा रिवाज असाच होता. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० फसलं, तेव्हा एका झडपेतून गळती होऊन टाकीतला दाब कमी पडला, हे त्यांनी नंतर जाहीर केलं. मग १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं. समिती बसली, अहवाल झाला, पण पुढचं सी६२ उडेपर्यंत तो लोकांसमोर काही आला नाही. आणि १२ जानेवारी २०२६ ला सी६२ गेलं, ते पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात! मुख्य उपग्रहाबरोबर १५ लहान उपग्रह होते, त्यांत आपल्याकडच्या नव्या कंपन्यांचेही. त्यांनी कोणता पेपर वाचून आपला माल त्या रॉकेटवर चढवला असेल?

कोणी म्हणेल, आबा, ही संरक्षणाची गुपितं असतात, धंद्याचीही असतात. असतील. कृती सांगू नका, पण भांडं कुठे फुटलं ते सांगा. ती चिनी कंपनी काही संत नव्हे, पण रॉकेट आणि चबुतरा यांची जोडणी तुटली हे तिने त्याच दिवशी सांगितलं. मस्कसाहेबांचं स्टारशिप जून २०२५ मध्ये चाचणीच्या जागीच फुटलं. नायट्रोजनची उच्च दाबाची टाकी फुटल्याचं कंपनीनेच नंतर कळवलं. (हा गृहस्थ इतर बाबतींत मला मुळीच आवडत नाही, हे जाता जाता.) आपल्या खासगी कंपन्यांना तर पेपर दडवायचा मोह अधिकच होईल, त्यांना गुंतवणूकदार सांभाळायचे असतात. पण त्या उडतात श्रीहरिकोट्याहून, सरकारी जमिनीवरून. तेव्हा परवानगी देताना 'इन-स्पेस'ने एकच अट घालावी. चाचणी असो वा उड्डाण, फसलं तर ठरावीक मुदतीत कारण जाहीर करायचं. पानभर पुरे.

शेजारच्या उरवड्याला जून २०२१ मध्ये कारखान्याला आग लागून १७ कामगार गेले, बहुतेक बायका. आजही त्या रस्त्याने जाताना मनात आधी येतं, ते 'का?'

आणि मला 'स्वयम्' आठवतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी बनवलेला किलोभराचासुद्धा नसलेला उपग्रह. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने तो वर नेला. एक तुकडी पास होऊन गेली की काम पुढच्या तुकडीच्या हाती, अशी त्यावर वर्षानुवर्षं मेहनत झाली होती. त्या दिवशी रॉकेट नीट गेलं. गेलं नसतं, तर त्या पोरांना कोणी काय सांगितलं असतं?