कळलं नाही, तर तिथंच विचारा

शाळेत आपण सगळ्यांनी इंग्रजी वाक्प्रचारांची एक यादी पाठ केली होती. मुसळधार पावसाला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', लाडक्या मुलाला 'ॲपल ऑफ द आय', ऐन वेळेला 'अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर'. वाक्यात उपयोग करून दाखवला की दोन गुण पदरात पडायचे. पुढे नोकरीत, बँकेत, दवाखान्यात कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाडणारा माणूस क्वचितच भेटतो. 'वी हॅव टू लेट यू गो' हे वाक्य मात्र त्या यादीत कधीच नव्हतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, साहेब आज लवकर घरी सोडताहेत. त्याचा अर्थ असतो, तुमची नोकरी संपली.

यादीतलं इंग्रजी आणि पोटापाण्याशी गाठ पडणारं इंग्रजी यांत हे एवढं अंतर आहे. मुंबईच्या दिंडोशीत राहणाऱ्या, आणि दिंडोशीसारख्याच कुठल्याही उपनगरात राहणाऱ्या माझ्या वाचकांशी मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपली वस्ती बघा. मृणाल गोरे, बाबूराव सामंत यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या धडपडीतून उभी राहिलेली 'नागरी निवारा' वसाहतीची घरं इथं आहेत. पलीकडे संतोषनगर, कुरार, गोकुळधाम. बेस्टचा डेपो आहे, सत्र न्यायालय आहे, १९७७ साली सुरू झालेली चित्रनगरी आहे. हायवेला लागून मॉल आणि काचेची ऑफिसं आहेत. २०२२ च्या गुढीपाडव्याला मेट्रो ७ चा पहिला टप्पा सुरू झाला आणि गुंदवलीपासून दहिसरपर्यंतची ऑफिसं पुढे आणखी जवळ आली. आई नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली, मुलगी परदेशी कंपनीच्या ग्राहकांशी फोनवर बोलणारी, वडील एखाद्या टॉवरच्या गेटवर सुरक्षारक्षक, अशी घरं इथं पुष्कळ आहेत. एकाच घरात तिघांना तीन तऱ्हेचं इंग्रजी रोज कानावर घ्यावं लागतं.

आपलं इंग्रजी आलं कुठून, हेही लक्षात घ्या. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांची ओळख पाचवीत किंवा त्याहून उशिरा झाली. बहुतेकांचा आधार होता तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि गाईड. त्या शिक्षणाने व्याकरण पक्कं झालं, अर्ज लिहिता आला, वर्तमानपत्र वाचता आलं. ते शिक्षण कमी प्रतीचं होतं असं मी अजिबात मानत नाही. पण त्यात कान तयार झाला नाही. कारण बोलण्यातले वाक्प्रचार शब्दशः भाषांतराने हाती लागतच नाहीत आणि आपल्याला शिकवलं होतं ते भाषांतरच.

आता मुख्य गोष्ट. अवघड वाटणारे, चित्रमय वाक्प्रचार फारसं नुकसान करत नाहीत. 'पीस ऑफ केक' कळलं नाही तर फार तर क्षणभर गोंधळ होतो. नुकसान होतं ते साध्या, ओळखीच्या शब्दांतल्या वाक्यांनी. 'लेट', 'गो', 'गेट', 'बॅक' हे शब्द आपल्याला येतात, म्हणून वाक्यही कळलं असं वाटतं, आणि आपण मान डोलावतो. इंग्रजीची एक रीत आहे, वाईट बातमी मऊ शब्दांत द्यायची. मुलाखतीनंतर 'वुई विल कीप युवर रेझ्युमे ऑन फाइल' असं म्हटलं, की सहसा त्याचा अर्थ तुम्हाला घेतलेलं नाही. 'आय ॲम अफ्रेड' ने सुरू झालेल्या वाक्यात कुणी घाबरलेलं नसतं. पुढे नकार किंवा वाईट बातमी येणार आहे, एवढंच समजायचं. 'यू माइट वॉन्ट टु चेक दिस अगेन' असं वरिष्ठ म्हणाले तर ती सूचना तुमच्या मर्जीवर सोडलेली नसते. चूक झाली आहे, दुरुस्त करा, असा तो आदेश असतो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणून जे सुरू होतं, ते बहुतेक वेळा विरोधाचं बोलणं असतं. 'वुई विल गेट बॅक टु यू' यात कधी ते सांगितलेलं नसतं. तेव्हा तिथंच विचारावं, कुठल्या तारखेपर्यंत वाट पाहू?

असं मऊ बोलणं आपल्याला परकं नाही. 'या एकदा घरी' असं आपणही म्हणतो आणि वार ठरेपर्यंत कुणी पिशवी उचलून निघत नाही. 'बघू, करू काहीतरी' याचा अर्थ गावाकडचा माणूसही बरोबर ओळखतो. आपल्या भाषेत हे लहानपणापासून कळत गेलं. इंग्रजीत ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून अडतं. यात बुद्धीचा काहीही प्रश्न नाही.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे रुग्णालय. डॉक्टर म्हणतात, 'ही इज नॉट आउट ऑफ द वूड्स येट.' नातेवाईक 'आउट' एवढंच पकडतात आणि घरी फोन जातो की धोका टळला. प्रत्यक्षात डॉक्टरांनी धोका अजून टळलेला नाही असं सांगितलेलं असतं. 'टच अँड गो' म्हणजे वाचेल की नाही हे सांगता येत नाही, अशी अवस्था. 'पुल थ्रू' म्हणजे आजारातून तरून जाणं. आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने हे अर्थ आठवत बसावं, अशी अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून माझा आग्रह आहे, डॉक्टरांना सरळ सांगा: 'डॉक्टर, मराठीत किंवा हिंदीत सांगा, आणि साध्या शब्दांत सांगा.' मुंबईतल्या बहुतेक डॉक्टरांना ते जमतं. मग त्यांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. 'म्हणजे धोका अजून आहे, पुढचे दोन दिवस बघायचे, असंच ना?' त्यांच्या 'हो'वर विश्वास ठेवा, स्वतःच्या अंदाजावर ठेवू नका. सही करायचा कागद पुढे आला तर हे दुप्पट लागू.

कोर्टाच्या बाबतीत एकच सांगतो. 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे कॅमेऱ्यासमोर होणारी सुनावणी नव्हे. बंद दाराआड, बाहेरच्यांना आत न घेता होते ती. ज्या बाईला आपली साक्ष सगळ्यांसमोर होईल या भीतीने झोप लागत नाही, तिला हा अर्थ आधीच कळला तर किती मोठा आधार मिळेल!

परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या मुलामुलींची अडचण वेगळी असते. अमेरिकन माणूस 'बॉलपार्क फिगर' मागतो, म्हणजे त्याला अंदाजे आकडा हवा असतो. 'टच बेस' करू म्हणतो, म्हणजे थोडं बोलून घेऊ. 'कर्व्हबॉल' आला म्हणतो, म्हणजे अनपेक्षित अडचण आली. हे सगळं बेसबॉलमधून आलेलं आहे, आणि तो खेळ आपल्या मैदानांवर क्वचितच खेळला जातो. मग कळणार कसं? 'त्याने मला गुगली टाकली' हे आपण रोज म्हणतो. ते त्या माणसाला तितकंच कळणार नाही. कुस्तीतलं 'चितपट' आणि बुद्धिबळातला 'शह' आपल्या बोलण्यात असाच येऊन बसला आहे. शिवाय इंग्रजी बोलणाऱ्यांचंही आपसात एकमत नसतं. बैठकीत एखादा ठराव 'टेबल' करायचा म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी तो चर्चेला घ्यायचा, अमेरिकनांच्या लेखी तो बाजूला ठेवायचा. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांची जिथं अशी गफलत होते, तिथं दिंडोशीच्या मुलीने खाली मान घालायचं कारण नाही.

आपल्या बाजूचीही काही वाक्यं तपासून घ्यावीत. 'आय हॅव अ डाउट' असं आपण शंका विचारताना म्हणतो. समोरच्याला वाटतं, हिचा माझ्यावर विश्वास नाही. तिथं 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावं. 'ही पास्ट आउट इन २०१९' म्हणजे आपल्या लेखी पदवी घेतली, बाहेरच्यांच्या लेखी बेशुद्ध पडला. 'प्रीपोन' आणि 'डू द नीडफुल' इथं बिनदिक्कत वापरा, सगळ्यांना कळतं. परदेशी माणसाशी बोलताना तेवढे टाळले की झालं.

ज्यांची नातवंडं अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहेत, अशा आजी-आजोबांसाठी एक. नातवाला 'आणखी पोळी वाढू का?' विचारलं आणि तो 'आय ॲम गुड' म्हणाला, तर त्याला आता नको आहे, इतकंच. तो उद्धटपणा नाही आणि स्वतःची स्तुतीही नाही. कुणी आश्चर्याने 'शट अप!' म्हणालं तर तेही 'काय सांगतेस!' अशा अर्थाने असू शकतं. न रागावता विचारा. मुलांना आपल्या आजीला काहीतरी शिकवायला आवडतं.

विचारण्यात कमीपणा वाटतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. कंपनी सरकारचे साहेब इथं आले, तेव्हा त्यांनाही आपलं बोलणं कळत नव्हतं. मोल्सवर्थ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने शास्त्र्यांना सोबत घेऊन मराठी-इंग्रजी कोश तयार केला, तो १८३१ साली छापला गेला. त्याची सुधारित आवृत्ती १८५७ ची. मॅनवेअरिंग या पाद्र्याने आपल्या म्हणी गोळा करून त्यांचं पुस्तक १८९९ साली प्रसिद्ध केलं. कुणाला न विचारता हे झालं असेल का? पुढे आपल्याच य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' केला, कारण आपल्याच भाषेतले वाक्प्रचार आपल्यालाही सगळे ठाऊक नसतात.

शिकायचं कसं? पुन्हा यादी पाठ करू नका. चित्रनगरीत काम करणाऱ्या लाइटमनला 'पॅकअप' म्हणजे काय हे कोणत्या पुस्तकाने शिकवलं? आवाज आला, दिवे उतरवले, सगळे घरी निघाले. अर्थ कळला तो कायमचा. तसंच करा. जे वाक्य अडलं ते कुणी, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हटलं, हे सगळं मोबाइलमध्ये देवनागरीत लिहून ठेवा. स्पेलिंगची फिकीर नको. रात्री मुलीला किंवा शेजाऱ्याला विचारा. मात्र ऐकून कळलं की लगेच वापरायची घाई करू नका. विशेषतः दुःखाच्या प्रसंगी. 'किक्ड द बकेट' याचा अर्थ मेला हे खरं, पण ते थट्टेतलं बोलणं आहे. सांत्वनाच्या निरोपात ते गेलं तर त्या घरातल्यांना जिव्हारी लागेल. समजून घेण्यासाठी शंभर वाक्प्रचार शिका, स्वतः बोलताना साधी वाक्यं वापरा.

विचारायला दोन वाक्यं पुरतात. 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' आणि 'कॅन यू से दॅट इन सिंपल वर्ड्स?' ही वाक्यं मोठ्याने म्हणून तोंडात बसवा, म्हणजे वेळेला अडखळणार नाही.

आता इंग्रजी सहज येणाऱ्यांना एक विनंती. तुम्ही मॅनेजर असाल, डॉक्टर असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारं घरातलं मूल असाल. पगार, नोकरी, आजार, घराचे कागद यांबद्दल बोलताना वाक्प्रचार बाजूला ठेवा. समोरची व्यक्ती नुसती मान डोलावते आहे असं दिसलं तर थांबा, आणि तीच गोष्ट मराठीत पुन्हा सांगा. आई अडखळली तर हसू नका, तिच्या शेजारी बसून अर्थ सांगा.