'कट्ट' असा आवाज आणि चाळीचा जिना

सध्या आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरताहेत. टेबलावर पालथा झोपलेला माणूस, त्याच्यावर वाकलेला कायरोप्रॅक्टर, 'कट्ट' असा आवाज, आणि पुढच्या मिनिटाला तोच माणूस ताठ चालतोय. खाली लगेच कोणीतरी विचारतं, "आईला नेऊ का? चालताना तोल जातो तिचा." गिरगावापासून लालबागपर्यंत घराघरात हा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायरोप्रॅक्टिक 1895 साली अमेरिकेत सुरू झालं. हाताने नेमका झटका देऊन मणके आणि सांधे मोकळे करायचे, ही त्याची मुख्य पद्धत. मी ते थोतांड म्हणून उडवून लावणार नाही. जुनाट कंबरदुखीला त्याने फरक पडतो, साधारण इतर मान्य उपचारांइतकाच. कंबर कमी दुखली की माणूस वाकतो, उठतो, बाजारात जातो. तोलाबद्दलही थोडं काम झालंय. 2016 मध्ये न्यूझीलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 60 ज्येष्ठ, 12 आठवडे उपचार, आणि पाऊल टाकण्याची चपळाई सुधारली. चांगलंच आहे. पण 60 माणसं आमच्या चाळीच्या दोन मजल्यांवर मिळतील. त्यावरून 'आता आई पडणार नाही' असं कोणी सांगू नये.

व्यायामाचा पुरावा मात्र दणदणीत आहे. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात शंभराहून जास्त चाचण्या होत्या. व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलं, आणि त्यात तोलाचे आणि उठबशीचे व्यायाम उपयोगी ठरले. म्हणजे काय, तर ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीतून उठायचं. रोज, कंटाळा येईपर्यंत. यात 'कट्ट' नाही, त्यामुळे याची रील कोण बघणार?

शिवाय तोल एकट्या मणक्यावर चालत नाही. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपायाची जाण, तिन्ही लागतात. मोतीबिंदू वाढला, डायबेटीसने पाय बधिर झाले, बीपीच्या गोळीने उभं राहिल्यावर अंधारी आली, तरी माणूस लटपटतो. यातलं काहीच पाठ मोडून जात नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना एका क्लिनिकने न तपासताच बारा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. ना बीपी, ना गोळ्यांची चौकशी. हाडं ठिसूळ झाली असतील तर झटका धोक्याचा. मानेला दिलेल्या झटक्याने, क्वचितच पण, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. (सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून घेणाऱ्यांनीही हे वाचावं.)

जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान 4200 तासांची अपेक्षा ठेवली. आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळी नोंदणी परिषद नाही. फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने परिषद आहे. म्हणून जायचंच असेल तर लाजू नका, विचारा: शिक्षण कुठे, किती वर्षं, नोंदणी कसली?

खरी गंमत अशी की देशात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच आपल्या परळमध्ये, केईएममध्ये, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला. पण तोल गेलेल्या बाईने तीन मजले उतरून, टॅक्सी करून, तिथे रांगेत उभं राहायचं कसं? आठवड्यातून दोनदा तर शक्यच नाही. महापालिकेने 'आपला दवाखाना' गल्लीपर्यंत आणला, तसा फिजिओथेरपिस्टही आठवड्यातून दोन दिवस तिथे बसवावा. प्रत्येक वॉर्डात. खुर्च्या आणि एक भिंत एवढ्यावरही तोलाचा वर्ग चालतो.

आणि जिना. आमच्याकडे लाकडी पायऱ्या मधोमध झिजल्यात, कठडा एकाच बाजूला, तोही हलतो. वर अंधार. उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, तोवर दुसऱ्या बाजूला कठडा आणि प्रत्येक मजल्यावर दिवा एवढं तरी व्हावं. खाली उतरलं की फूटपाथवर उखडलेले पेव्हर ब्लॉक. दादर स्टेशनबाहेर तर तरुण माणसाचाही तोल जातो!

दुरुस्ती मंडळ आणि डी वॉर्ड, दोन्हीकडे मी अर्ज देतोय. एक कठड्यासाठी, एक फिजिओथेरपिस्टसाठी. गिरगावातल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली चाळीचं नाव आणि मजला लिहा. परळ-लालबागवाल्यांनी एफ साउथला, दादरवाल्यांनी जी नॉर्थला हाच मजकूर द्यावा, मी पाठवतो.