एचआयव्ही : नाव सर्वांना ठाऊक, माहिती मोजक्यांना

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाच्या प्रभातफेऱ्या निघतात, लाल फिती लागतात आणि दुसऱ्या दिवशी विषय मिटतो. एचआयव्हीचे नाव आज घरोघरी पोहोचले आहे. माहितीचे तसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील अवघ्या २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना याविषयी सर्वंकष माहिती होती. २०१५-१६मध्ये हेच आकडे २०.९ आणि ३२.३ होते. म्हणजे आपण जागचे हललोच नाही.

मोहिमा निष्फळ असतात, असा याचा अर्थ नव्हे. २००२च्या अखेरीस मुंबईत ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ हा प्रश्न ठिकठिकाणी झळकला. ‘मी एकीकडेच जातो’, ‘ती तर धडधाकट दिसते’ या पुरुषांच्या सबबी एका काल्पनिक माणसाच्या नावावर मांडल्यामुळे लाजेचा विषय नाक्यावरच्या गप्पांत आला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांकडे बोट दाखवल्याची टीकाही या मोहिमेवर झाली.

पण फलक फार तर बोलते करतो. बंद दाराआड कंडोम वापरायला लावू शकत नाही. ते काम वस्तीने केले. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजीत जाना यांनी १९९२मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात आणि आपल्याकडे सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामात याच व्यवसायातील स्त्रिया एकमेकींना माहिती व कंडोम देऊ लागल्या. एकटीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. अख्ख्या गल्लीने दिला तर जाणार कुठे?

आता सांगायची गोष्ट बदलली आहे. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे वेळेत तपासणी आणि उपचार हाही प्रतिबंधच. परंतु ‘एड्स म्हणजे मरण’ हा जुना धसका अजून लोकांच्या मनात घर करून आहे. शासकीय रुग्णालयात आम्हाला दिसते ते हेच : तपासणी मोफत व गोपनीय, औषधेही मोफत, तरी माणसे उशिरा येतात. कारण आजारापेक्षा ‘कुणाला कळले तर?’ याची भीती मोठी असते. भेदभावाला मनाई करणारा २०१७चा कायदा आहे, हेही अनेकांना माहीत नसते.

म्हणून पुढच्या मोहिमेत भीतीचे चित्र नको. वर्षानुवर्षे औषधे घेऊन नोकरी, संसार करणारी माणसे, ज्यांची तयारी असेल त्यांनी, स्वतः बोलावे. महाविद्यालयांत आणि तरुणांच्या मोबाइलवर वर्षभर बोलले जावे. आणि शंका असेल त्याने १ डिसेंबरची वाट न पाहता १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करावा.