विश्लेषण : छोट्या रेल्वेच्या डब्यातले दिवे का लुकलुकतात?

हरिहरेश्वरला रेल्वे नाही. श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावातून गाडी पकडायची तर कोकण रेल्वेचे माणगाव स्थानक गाठावे लागते. शाळेतल्या टेबलावर मात्र रेल्वेची छोटी प्रतिकृती धावू शकते. तिच्या डब्यांत दिवे लावणे हा हौशी मंडळींचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात तो विजेचा उत्तम धडा आहे. किनाऱ्यावरच्या शाळांनी तो का गिरवावा, याविषयी…

हा छंद महाराष्ट्रात आहे का?

आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तोही त्याच वर्षी. अशा प्रतिकृतींत १:८७ हे ‘एचओ’ प्रमाण जगभर लोकप्रिय आहे. आपल्याकडचा सुमारे २१.३ मीटर लांबीचा निळा आयसीएफ डबा या प्रमाणात जेमतेम २४.५ सेंटीमीटरचा होतो.

दिवे लुकलुकण्याचे कारण काय?

छोट्या गाडीत वीज रुळांतून येते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांना घासणाऱ्या पितळी किंवा तांब्याच्या पट्ट्या ती वीज डब्यात घेतात. रुळावर धूळ किंवा गंज असला, की क्षणभर संपर्क तुटतो आणि दिवा मिचकतो. दुसरी अडचण अशी, की साध्या पद्धतीत व्होल्टेज कमी-जास्त करूनच गाडीचा वेग ठरतो. गाडी मंदावली की दिवे मंद, थांबली की अंधार. म्हणजे प्रवाशाला चढताना उजेड हवा, नेमका तेव्हाच तो नाही.

खऱ्या रेल्वेपुढेही हाच प्रश्न होता का?

होता. जुन्या डब्यांखाली चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनामो असे. गाडी पळाली की वीज तयार होई, थांबली की बंद. म्हणून प्रत्येक डब्याखाली बॅटऱ्या आल्या. चालताना साठवायचे, थांबल्यावर वापरायचे. आता अनेक एलएचबी गाड्यांना इंजिनातूनच वीज मिळते. तरी साठवणुकीचा तो साधा विचार आजही तितकाच खरा आहे.

छोट्या डब्यात काय करावे लागते?

गाडीची दिशा उलटली की रुळांतले धन-ऋणही उलटते आणि एलईडी विझतो. चार डायोडांचा ‘ब्रिज’ लावला की दिशा कोणतीही असो, दिवा पेटतो. पुढे कपॅसिटर जोडला की मिचकणे थांबते. १००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर पाच मिलिअँपिअरवर चालणारे दिवे जेमतेम सेकंदभर तगवतो. धुळीच्या ठिपक्यासाठी ते पुरेसे आहे, स्थानकातल्या थांब्यासाठी नाही. त्यासाठी डब्यातच छोटे सेल बसवावेत किंवा रुळांत कायम सारखे व्होल्टेज ठेवणारी डिजिटल नियंत्रण पद्धत वापरावी.

बल्ब की एलईडी?

एलईडीच. बारीक बल्ब साधारण ५० मिलिअँपिअर घेतो. आठ डब्यांत प्रत्येकी दोन म्हटले तरी ८०० मिलिअँपिअर दिव्यांतच गेले, शिवाय उष्णतेने प्लास्टिकचे छप्पर वाकते. त्याच आठ डब्यांना एलईडी लावले तर प्रत्येकी दहा मिलिअँपिअर धरून ८० मध्ये भागते. मात्र झगमगाट टाळावा. जुन्या डब्यात पिवळसर, मंद उजेडच शोभतो. छपराला आतून काळा रंग दिला नाही, तर प्लास्टिकमधून प्रकाश झिरपतो आणि डबा आकाशकंदिलासारखा दिसतो.

हरिहरेश्वरात वेगळे काय?

खारी हवा. सायकलची साखळी आणि खिडकीचे गज इथे किती लवकर गंजतात, हे घरोघरी ठाऊक आहे. रूळ आणि संपर्काच्या पट्ट्याही तशाच लवकर काळवंडतात. म्हणजे पुण्यात कधीतरी येणारी अडचण इथे वारंवार येईल. शिकण्यासाठी मात्र हीच सोय आहे. दिवा विझला, की बिघाड रुळात, पट्टीत, डायोडात की सांध्यात, हे मुलांना एकेक टप्पा तपासत शोधावे लागेल. फळ्यावरच्या आकृतीत सर्किट कधीच बंद पडत नाही. त्यामुळे ते दुरुस्त करायलाही कोणी शिकत नाही.

शाळांनी सुरुवात कुठून करावी?

पूर्ण गाडी विकत घेण्याची गरज नाही. पुठ्ठ्याचा एक डबा, हातभर रूळ, चार डायोड, एक एलईडी, एक कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि १२ व्होल्टचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर एवढे पुरे. अडॅप्टर उघडायचा नाही आणि कपॅसिटर उलटा जोडायचा नाही, हे दोन नियम शिक्षकांनी आधी पक्के करावेत. तयार दिव्यांचे संच बाजारात मिळतात, पण ते लावून उजेड पडतो, समज वाढत नाही. गावात रेल्वे येईल तेव्हा येईल. रेल्वेचे दिवे कसे पेटतात हे शिकायला रुळांची वाट पाहण्याचे कारण नाही.